वसईच्या खाडींतील जलवाट

वसई हें एके काळीं बेट होतें असें सांगितलें तर आजच्या वसईकरांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. विरारपासून नायगांवपर्यंत आगगाडी सरळ धांवते, रस्त्यांचें जाळें चोहोंकडे पसरलें आहे, आणि एखादें पाणी ओलांडून बेटावर पाऊल ठेवलें असें कोणाही प्रवाशाच्या मनांत येत नाहीं. तथापि जुन्या नकाशांत वसई चारी बाजूंनीं पाण्यानें वेढलेली दिसते. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची रुंद खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख, आणि पूर्वेस सोपाऱ्याची अरुंद खाडी. पहिलीं तीन पाणीं अद्याप जागच्या जागीं आहेत. चौथें मात्र गाळानें, बांधांनीं आणि भरावांनीं इतकें आकसलें आहे कीं, पुलावरून जाणाऱ्याला तो एखादा मोठा नाला वाटावा.

यांपैकीं दक्षिणेकडील खाडीवर अलीकडे उतारूंची वर्दळ पुन्हां सुरू झाली. २० फेब्रुवारी २०२४ या दिवशीं भाईंदर आणि वसई किल्ला यांच्या दरम्यान रो-रो बोटीची फेरी प्रायोगिक तत्त्वावर चालू करण्यांत आली. 'रो-रो' हें नांव चमत्कारिक वाटलें तरी अर्थ सोपा आहे. मोटार स्वतःच्या चाकांवर बोटींत शिरते आणि पलीकडे स्वतःच्या चाकांवरच उतरते. ती यारीनें उचलावी लागत नाहीं. 'जान्हवी' नांवाच्या ज्या बोटीनें हा आरंभ झाला तींत ३३ मोटारी आणि १०० उतारू यांची सोय होती. पाण्यावरचें अंतर चार किलोमीटरांच्या आंतलें, वेळ सुमारें पंधरा मिनिटांचा. तेंच अंतर घोडबंदराच्या वळशानें रस्त्यावरून तोडावयाचें तर तें तीस किलोमीटरांहून अधिक भरतें.

गाडी पलीकडे नेणारांची सोय हा या बोटीचा मुख्य हेतु. परंतु सुटीच्या दिवशीं धक्क्यावर दृष्टि टाकली तर असें दिसतें कीं, कित्येक कुटुंबें केवळ नौकाविहारासाठीं आलेलीं असतात. दहावीस घरचीं माणसें एकत्र निघालेलीं, हातांत डबे, मुलांच्या डोक्यांवर टोप्या, आजीबाईंना बसावयाला सावलीची जागा शोधण्याची धांदल. आणि बोट सुटतांच सर्वांची कठड्याकडे धांव! पंधरा मिनिटांचा हा प्रवास हौसेचा आहे यांत शंका नाहीं. पण ज्या पाण्यावरून तो होतो त्याची थोडी ओळख असेल, तर तीं पंधरा मिनिटें पुष्कळ कांहीं दाखवितात.

पहिली नवलाई बोट सुटण्यापूर्वींच दिसते. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे सकाळीं जें पाणी धक्क्याच्या पायथ्याशीं असतें तेंच दुपारीं दोन पुरुष उंचीनें वर चढलेलें असतें. मग मोटार बोटींत शिरण्याइतकी पातळी प्रत्येक फेरीस जुळते कशी? उत्तर असें कीं, हा धक्का भिंतीसारखा उभा नसून पाण्यांत उतरत गेलेला, घाटासारखा आहे. बोटीचें बूड सपाट असतें व तिला पाणी थोडें पुरतें. ती आपलें तोंड उतरणीला लावते आणि तोंडाशीं असलेली जाड लोखंडी फळी खालीं सोडते. पाणी चढलें तर फळी उतरणीच्या वरच्या अंगाला टेकेल, उतरलें तर खालच्या अंगाला. मोटारीला दोन्ही वेळां जमीन मिळतेच. कोंकणांत दाभोळ-धोपावें येथें ही युक्ति पूर्वींपासून वापरांत आहे.

बोट भाईंदरहून निघाली म्हणजे पाठीमागें, पूर्वेकडे, खाडीवरचे रेल्वेचे पूल दिसतात. त्याच बाजूस खाडीच्या मधोमध पाणजू नांवाचें गांव बेटावर वसलेलें आहे. वसई बेट होती हें शहर विसरलें. पाणजूकरांना मात्र स्वतःचें बेटपण विसरण्याची सोय नाहीं, कारण नायगांवच्या किनाऱ्याशीं त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होडीनें चालत आला आहे. त्याही पलीकडे, घोडबंदरापाशीं, दोन्ही तीरांवरचे डोंगर जवळ येतात. बोरघाटाच्या परिसरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ठाण्याच्या उत्तरेस येते, साष्टीच्या डोंगरांना वळसा घालते आणि येथें समुद्राला मिळते. कल्याण बंदराचा माल, रानांतलें सागवान, भाताचीं पोतीं हीं सारीं या पाण्यावरून खालीं येत. वसईस पोर्तुगीजांच्या अमलांत जहाजें बांधलीं जात, त्याला हेंच सागवान कारण. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे आरमाराची बांधणी आरंभिली तेव्हां पोर्तुगीज अधिकारी अस्वस्थ झाले. आणि त्यांत आश्चर्य नाहीं, कारण त्या जहाजांची समुद्राकडे जाण्याची वाट वसईच्या तटाखालूनच होती.

डाव्या हातास भाईंदरकडील मिठागरें आणि त्यांच्या पुढें उत्तन-डोंगरीच्या टेंकड्या लागतात. त्यांतील चौक गांवाजवळ धारावीचा किल्ला होता. १७३९ सालीं चिमाजीआप्पांच्या फौजेनें तो घेतला, आणि खाडीच्या मुखावर मराठ्यांची नजर बसली. वसईचा वेढा म्हटला म्हणजे सुरुंग आणि तटाला पडलेलीं भगदाडें आठवतात; पण समुद्रावरून येणारी रसद ज्या पाण्यानें वसईला पोंचावयाची, त्या पाण्याच्या दाराशीं धारावी होती, हें बोटीवर उभें राहिल्याशिवाय नीटसें समजत नाहीं. १५३४ पासून चालत आलेली पोर्तुगीज सत्ता त्याच वर्षाच्या मे महिन्यांत येथून उठली. उजव्या हातास प्रथम नायगांवकडील मिठागरें, मग तिवरांची दाट हिरवी किनार, आणि शेवटीं काळ्या दगडाचा लांबलचक तट दिसूं लागतो. किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे आहेत, एक भुईकडचा आणि एक दर्याकडचा. आजचे पाहुणे बहुधा भुईकडून आंत शिरतात. बोटीनें येणारे मात्र शेंकडों वर्षांपूर्वींचे दर्यावर्दी ज्या अंगानें येत त्याच अंगानें किल्ल्याशीं येतात. शेजारीं किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे आहेत. त्यांच्या होड्या ओहोटीच्या वेळीं चिखलांत कललेल्या असतात आणि भरतीला एकामागून एक सरळ उभ्या राहतात.

हा चिखल पाहून नाक मुरडणारे पुष्कळ. पण खाडीचें सारें शास्त्र त्या चिखलांतच आहे, म्हणून येथें थोडें थांबणें इष्ट होईल.

समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें आणि दोनदां उतरतें. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारें बारा तास पंचवीस मिनिटें जातात, त्यामुळें भरतीची वेळ दररोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. याच गोष्टीवरून कोंकणच्या दर्यावर्दी लोकांनीं एक सुटसुटीत हिशोब बसविला आहे. तिथीला पाऊणनें गुणावें, म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरती किती वाजतां येईल तें अदमासानें कळतें. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यांत सहा तास मिळविले कीं ओहोटीची वेळ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. यंत्रावर पाहिलेल्या वेळेशीं हा अर्धापाऊण तास चुकेल, पण पंचांग पाहणाऱ्या घराला तो तोंडपाठ असण्यासारखा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचें आकर्षण एका रेषेंत येतें व पाणी फार चढतें. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तीं आकर्षणें परस्परांस काटकोनांत असतात व पाणी फारसें हालत नाहीं; तो भांग. मात्र उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या दिवशींच असतो असें नव्हे. तो एकदोन दिवस मागाहून येतो.

आतां मुख्य गोष्ट. भरतीचें पाणी खाडींत शिरतांना गाळ घेऊन येतें, आणि पावसाळ्यांत उल्हास नदी डोंगरांतली माती घेऊन येते. हा सर्व गाळ तळाशीं बसला तर कांहीं वर्षांत खाडी बुजून जावयाची. मग ती हजारों वर्षें उघडी राहिली ती कशानें? ती ओहोटीनें राहिली. भरतीचें पाणी केवळ खाडीच्या पात्रांत शिरत नाहीं. तें दोन्ही अंगांच्या खाजणांत, तिवरांच्या मुळांत, लहान लहान फांट्यांत दूरवर पसरतें. ओहोटी लागली कीं हें सारें पसरलेलें पाणी अरुंद पात्रांतूनच परत फिरतें, आणि त्या वेगानें तळाचा गाळ खरवडून समुद्राकडे नेतें. एक चौरस किलोमीटर खाजणावर एक मीटर पाणी चढलें तर तें शंभर कोटी लिटर होतें. इतका झाडू खाडीला दर उधाणाला फुकट मिळतो!

यावरून उलट बाजूही ध्यानांत येईल. खाजणाला बांध घातला, किंवा त्यावर मातीचा भराव टाकला, तर खाडीचें पात्र कोणी हातही न लावतां उथळ होऊं लागतें. बांध घालणाराला वाटतें कीं आपण फक्त कांठची पडीक दलदल घेतली, पाण्याची वाट तर तशीच आहे. पण वाट झाडणारें पाणीच त्यानें घेतलेलें असतें. मनुष्याचा दोष येथें बहुधा दुष्टपणाचा नसून न दिसण्याचा आहे: पात्र डोळ्यांना दिसतें, त्याचें पोट दिसत नाहीं.

सोपाऱ्याचें उदाहरण याच दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. ग्रीक प्रवासवर्णनांत आणि टॉलेमीच्या भूगोलांत या बंदराचें नांव आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेंकडी खणली, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या गाभ्यांत दगडी पेटी व बुद्धाच्या लहान मूर्ति सांपडल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथेंच मिळाला. नवव्याचा तुकडा पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास मिळाला. सम्राटानें ज्या ठिकाणीं आपल्या आज्ञा दगडावर कोरवाव्या तें ठिकाण आडगांव खास नव्हे. आज तेथें उभें राहून बंदर कोठें होतें असें विचारलें तर बोट दाखवावयाला जागा सांपडत नाहीं. राज्यें बदललीं, व्यापाराच्या दिशा बदलल्या, हें खरेंच. पण जहाजाला लागणारें पाणीही गाळानें हळूहळू निघून गेलें. नंतरच्या काळांत त्या खाडीवर शेतीचे बांध आले, मिठागरें आलीं, १८६४ सालीं मुंबईपर्यंत पुरा झालेला लोहमार्ग आला, आणि गेल्या कांहीं दशकांत इमारती आल्या.

यांतील शेतीच्या जुन्या बांधाविषयीं एक शब्द बोलणें न्याय्य होईल. खारजमिनीच्या बांधाला 'उघाडी' ठेवीत. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. भरतीचें पाणी बाहेरून दाबतें तेव्हां ती आपोआप मिटते आणि खारें पाणी शेतांत येत नाहीं. ओहोटी लागली कीं आंतलें पावसाचें पाणी तिला ढकलून बाहेर जातें. माणूस झोंपलेला असला तरी उघाडी जागी असते. बांध घालणाऱ्या त्या शेतकऱ्यानें समुद्राचें पाणी अडविलें, पण पावसाचें पाणी थांबावयाला सखल शेत आणि जावयाला दार, हीं दोन्ही राखलीं. मिठागराचेंही तसेंच, उधाणाचें पाणी कोंडींत घ्यावयाचें, उन्हानें आटवावयाचें, उन्हाळाभर मीठ काढावयाचें, आणि पावसाळ्यांत तीच जागा पाण्याला मोकळी. भरावाला मात्र ना शेत, ना दार.

त्याची किंमत जुलै २०१८ मध्यें वसई-विरारच्या रहिवाशांनीं मोजली. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत पाऊस कोसळला, नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखालीं गेले, अडकलेल्या गाडींतून उतारूंना बाहेर काढावें लागलें, मिठागरांतील कुटुंबें पाण्यानें वेढलीं गेलीं, आणि कित्येक वस्त्यांतलें पाणी दिवसचे दिवस उतरलें नाहीं. तळमजल्याच्या घरांतून धान्य, गाद्या, मुलांचीं पुस्तकें गेलीं. पाऊस सर्वत्र पडतो. पण तो भरतीच्या वेळीं पडला तर समुद्र त्याला घेत नाहीं, आणि तितके तास तें पाणी कोठें तरी थांबलें पाहिजे. पूर्वीं तें खाजणांत थांबे. खाजण भरलें तर तें घरांत थांबतें. पुढें महापालिकेनें 'नीरी' आणि मुंबईची आय.आय.टी. या संस्थांकडून कारणांचा शोध करविला; त्यांच्या शिफारशींत पाणी साठवून धरणाऱ्या तलावांची सूचना होती. म्हणजे जें खाजण करीत असे तेंच आतां खर्चानें करावयाचें.

बुजलेली जलवाट पुन्हां उघडण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. इंग्लंडांत रेडिंग आणि ब्रिस्टल यांस जोडणारा केनेट व एव्हन कालवा १८१० सालीं पुरा झाला. त्याची लांबी सुमारें १४० किलोमीटर. डिव्हायझेस येथें टेंकडी चढण्यासाठीं त्याला पाण्याच्या २९ कोठ्या आहेत. बोट एका कोठींत घ्यावयाची, मागचें दार मिटावयाचें, वरचें पाणी सोडून बोट उचलावयाची, आणि पुढच्या कोठींत न्यावयाची. रेल्वे आल्यावर हा कालवा ओस पडला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यावरची सलग वाहतूक बंद झाली. हौशी मंडळींनीं वर्षानुवर्षें गाळ काढून व दारें बसवून तो पुन्हां उभा केला. १९९० सालीं राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें तो उघडण्यांत आला, आणि आज तेथें सहली चालतात. तें काम स्तुत्य आहेच. पण कालवा हा खणलेला असतो, त्यांतलें पाणी जवळजवळ स्थिर असतें. तो बुजला तर पुन्हां खणतां येतो. खाडीचें तसें नाहीं. यंत्रानें धक्क्यापाशींचा गाळ काढतां येईल, आणि बोटींसाठीं तो काढावाही लागतो. परंतु ओहोटीचा झाडू गेला असेल तर काढलेल्या जागीं नवा गाळ येऊन बसतो आणि तें काम कधींच संपत नाहीं.

वसईची मोठी खाडी अजून त्या अवस्थेला पोंचलेली नाहीं, ही समाधानाची गोष्ट. २०१६ च्या कायद्यानें वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून कल्याण-ठाणें-मुंबई हा मार्ग ५३ व्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. २०२५ सालीं वैतरणेच्या खाडीवरही विरारजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूस जलसारकडे रो-रो बोट सुरू झाली. म्हणजे जुन्या बेटाच्या दक्षिण आणि उत्तर या दोन्ही पाण्यांवर पुन्हां उतारू दिसूं लागले. पूर्वेच्या पाण्यावर बोट चालण्याची गोष्ट कोणी करीत नाहीं. तेथें सध्यां एवढेंच पाहिजे कीं, उरलेलीं खाजणें आणि तिवरें उरूं द्यावीं.

ज्यांना घरच्या मंडळींसह ही सहल करावयाची असेल त्यांनीं पावसाळा टाळावा आणि निघण्यापूर्वीं फेऱ्यांच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्याव्या. दिवस निवडतां येत असेल तर तृतीयेच्या आसपासचा निवडावा. त्या दिवशीं उधाणाचा जोर असतो, सकाळीं आठ-साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि दुपारीं सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती येते. सकाळच्या फेरीनें वसईस जावें. चिखलाचे काठ उघडे असतात, त्यांवर बगळे चरत असतात, तिवरांच्या श्वासमुळांचे खुंट काट्यांसारखे वर आलेले दिसतात, आणि पाण्याची खरी वाट किती अरुंद आहे तें मुलांना बोटानें दाखवितां येतें. मग किल्ला फिरावा, तटाच्या सावलींत डबे सोडावे, मिळालीं तर राजेळी केळ्यांचीं वसईचीं सुकेळीं घ्यावीं. दुपारीं अडीच-तीनच्या फेरीनें परतावें. सकाळीं पाहिलेला चिखल तेव्हां कोठेंच नसतो. तिवरांची नुसती डोकीं पाण्यावर असतात, कललेल्या होड्या सरळ झालेल्या असतात, आणि धक्क्याच्या ज्या उतरणीवरून सकाळीं चढून यावें लागलें तिच्या वरच्या टोकाशींच बोटीची फळी टेकलेली असते.